तीट लावलेलं अक्षर

‘ह्या सगळ्या अक्षरांना पोटं कशी काय आहेत?’ केतकीनं विचारलं.

‘जेवून आल्यात,’ तात्या म्हणाले.

घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरून तिच्यावर साखरेची दोन पोती रिकामी केली होती आणि पोत्यांतून साखरेऐवजी अक्षरं पडली होती. शिसवी लाकडाची, वीतवीतभर उंचीची, शाई पिऊन काळी कुळकुळीत झालेली. केतकी गुर्जर सकाळच्या गाडीनं पुण्याहून आली होती ती त्यांच्यासाठीच. ती कॉम्प्युटरवर चालणारे फाँट बनवायची. कुणा हौशी माणसाच्या संग्रहात तिनं कुस्तीच्या मैदानाचं पन्नास वर्षांपूर्वीचं पोस्टर पाहिलं होतं आणि त्यावरचा ‘भव्य’ बघून आपण दोन दिवस हसत होतो, असं तिनं मला फोनवर सांगितलं होतं. तो ‘भव्य’ कुणी कोरला, याचा माग काढत ती जयसिंगपुरात आठव्या गल्लीत, आमच्या दारात येऊन पोचली.

‘आणि हा म? हा असा मांड्या फाकवून का उभा आहे?’

‘शड्डू ठोकतोय.’

‘अनुस्वार केवढा मोठा!’

‘बुंदीचा लाडू हाय त्यो. मैदान उठलं की पैलवानांत वाटायचो.’

मी चहा घेऊन आले होते. म्हटलं, ‘तात्या, नीट सांगा की. ती सगळं टिपून घेतीय.’

‘नीटच सांगतोय. लायब्ररीत बसून बसून तुला खरं ऐकायची सवय राहिली न्हाई.’ मग केतकीकडं वळून, ‘ही आमची वैजू. हिचं लग्न पुस्तकांशी लागलंय. सासर मोठं हाय, अठरा हजार ग्रंथ. सगळे गप बसून असत्यात, म्हणून टिकलीय.’

केतकी हसली. मीही हसले. तात्यांच्या घरात राहायचं तर हसायला शिकावंच लागे. आई शिकली नाही आणि चाळीस वर्षं नुसती डोळे वटारत राहिली.

खरं ते मीच मग केतकीला सांगितलं. तात्या म्हणजे माझे वडील, केरबा सुतार, मूळचे दारं-खिडक्या करणारे. गावात मगदूम अण्णांचा छापखाना होता. कुस्तीची मैदानं, बैलांच्या शर्यती, जत्रेतले तमाशे यांची पोस्टरं तिथं छापली जात. मोठ्या मथळ्यांची लाकडी अक्षरं मुंबईहून यायची. ती एकदा जत्रेच्या तोंडावर आलीच नाहीत, तेव्हा अण्णांनी तीन मोडकी अक्षरं तात्यांच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, ‘ह्यांची भावंडं करून दे.’ तात्यांनी आठ दिवसांत भावंडं केली, पण ती त्या तिघांपेक्षा दुप्पट जाड झाली. अण्णा ओरडले. तात्या म्हणाले, ‘यष्टीत खिडकीला बसलेल्या माणसाला पळत्या गाडीतनं वाचता आलं पायजे.’ पोस्टर लागलं आणि लोक ते वाचायला नव्हे, बघायला थांबू लागले. त्यानंतर चाळीस वर्षं या भागात कुठंही दोन पैलवान एकमेकांना भिडले तरी त्यांची नावं तात्यांच्या अक्षरांतच भिडत. मग फ्लेक्स आले, छापखाना मिटला, आणि अक्षरं साखरेच्या पोत्यांतून घरी आली.

लाकडी अक्षर कोरायचं ते उलटं. आरशात दिसतं तसं. तेव्हाच कागदावर ते सुलटं उठतं. बाकीचे कारागीर आधी कागदावर काढत, तो कागद पालथा घालून लाकडावर चिकटवत. तात्या पेन्सिलीनं थेट उलटंच काढत आणि पटाशी चालवत. शेवटी दाढीचा लहान आरसा अक्षरासमोर धरून एकदा बघत. तेवढीच तपासणी. मी लहानपणी सोप्यात या अक्षरांशी खेळतच अक्षरं शिकले, त्यामुळं पहिलीत गेले तेव्हा पाटीवर सगळी मुळाक्षरं उलटी काढली. गुरुजींनी तात्यांना शाळेत बोलावून पाटी दाखवली. तात्यांनी ती नीट न्याहाळली आणि म्हणाले, ‘बरोबर हाय की. छापून बघा.’

ही गोष्ट ऐकून केतकी इतकी हसली की तिच्या हातातला चहा सतरंजीवर सांडला. मग तिचं लक्ष तात्यांच्या शर्टाकडं गेलं. शिवण बाहेर होती, खिसा आत. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

तात्यांनीच ते टिपलं. ‘काय बघताय, पुण्याच्या बाई? टाईपवाला माणूस. आम्हाला उलटं तेच सुलटं.’

त्या महिन्यातला तो चौथा उलटा शर्ट होता. प्रत्येक वेळी असंच काहीतरी बोलणं झालं होतं. चहाच्या डब्यात मीठ निघालं तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुझी परीक्षा घेत होतो.’ मला एकदा अक्का म्हणून हाक मारली, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं. मी थांबून बघू लागले तशी म्हणाले, ‘तिच्यासारखंच तोंड करून उभी राहिलीस, म्हणून.’ आयुष्यभर जो माणूस थट्टेशिवाय वाक्य बोलला नाही, त्याची चूक कुठली आणि थट्टा कुठली, हे मला ठरवता येईना. आणि ठरवायचंही नव्हतं.

दिवसभर आम्ही ठसे घेतले. मी रूळानं शाई लावायची, केतकीनं कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, तात्यांनी भिंतीला टेकून नावं ठेवायची. ‘हळू. त्याला गुदगुल्या होत्यात.’ संध्याकाळी केतकीनं सगळी यादी तपासली. क्ष होता, ज्ञ होता. ञसुद्धा होता, एका मठाच्या स्वामींनी हट्टानं ‘पञ्चामृत’ तसंच छापून घेतलं होतं.

‘एकच नाही,’ ती म्हणाली. ‘ङ.’

‘न्हाईच. ङ घेऊन कुठला पैलवान मैदानात आलाय?’

‘पण तात्या, फाँट म्हटला की मुळाक्षरं पुरी लागतात. कुणाला ‘वाङ्मय’ लिहायचं झालं तर?’

तात्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ‘मग ही तेवढी गिऱ्हाईक. हिच्या कॉलेजात वाङ्मय मंडळ हाय. अठरा सभासद. त्यातले सोळा चहाला येत्यात.’

‘आणि त्यांचं पोस्टर कसं छापलंत?’

‘ड लावला. छापून झाल्यावर शेजारी ब्रशनं तीट दिली. लेकराच्या गालाला देत्यात तशी. दृष्ट लागू नये म्हणून.’

केतकीनं ते लगेच वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘मग सोपंच आहे. तुमचा ड माझ्याकडं आहेच. टिंब मी कॉम्प्युटरवर लावते.’

तात्या भिंतीपासून पुढं सरकले.

‘म्हणजे ड जयसिंगपूरचा आणि तीट पुण्याची?’

‘तसं नाही हो…’

‘मी कोरतो. उद्या दुपारपर्यंत देतो.’

‘तात्या,’ मी म्हटलं, ‘चौदा वर्षं पटाशी धरली नाही तुम्ही.’

‘तू तरी कुठं धरलीस?’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून मोडका शिसवी पाट काढायला लावला, त्याचा तुकडा कापला, रंधा मारला, आणि उन्हाकडं पाठ करून सोप्याच्या पायरीवर बसले. मी स्वैपाकघरातून कान देऊन होते. पटाशीवर मुठीचा ठोका, मग फुंकर; ठोका, फुंकर. लहानपणी मी या आवाजावर झोपत असे. केतकी फोटो काढत होती.

‘पुण्याच्या बाई, नाव काय ठेवणार ह्या फाँटचं?’

‘तुम्हीच सांगा.’

‘खडाखडी ठेवा.’

‘म्हणजे?’

‘कुस्ती लागायच्या आधी दोघं नुसतं हात झटकत, एकमेकाला जोखत फिरत्यात न्हाई का? कोण कुणाला कुठं धरंल, अजून कुणाला ठाऊक नसतंय. ती खडाखडी. पब्लिकला खरी मजा तिथंच. एकदा पाठ लागली की संपलं.’

नाव तिथंच ठरलं.

बारा वाजता तात्यांनी तुकडा रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. कपाळावर घाम होता, पण चेहरा खुशीत. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळंतीण जरा पडते. तुम्ही ठसा घ्या.’ आणि आत जाऊन पाचव्या मिनिटाला घोरू लागले.

मी रुमाल उघडला. मला ते अक्षर सरळ वाचता आलं.

कोरलेलं अक्षर सरळ वाचता येता कामा नये. डौल तोच होता, पोट तेच, वरची रेघ तुळईसारखी जाड, आणि तीट तर इतकी गोल की बघत राहावं. फक्त ते सुलटं होतं. शिकाऊ पोरगं पहिल्या दिवशी जी चूक करतं आणि टपली खाऊन जन्मभर विसरत नाही, ती.

केतकीला उमगलं नव्हतं. तिनं रूळ फिरवला, कागद ठेवला, चमचा घासला. मी तिला थांबवलं नाही. वाटलं, न जाणो, आपलंच बघण्यात काही चुकत असेल. कागद उचलला तर ङचं तोंड भलतीकडं, आणि तीट डाव्या बाजूला.

‘अय्या!’ ती खुदकन हसली. ‘तात्यांनी गंमत केली!’

‘हो,’ मी म्हणाले. ‘गंमतच.’

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि हसायची थांबली. ती माझ्याहून लहान, तरी थोरल्या बहिणीला सांगावं तसं मी तिला सांगितलं. शर्ट, मीठ, अक्का. शिवाय जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते : गेल्या पंधरवड्यात ते सकाळी छापखान्यात जातो म्हणून निघाले होते आणि आता जिथं मोबाईलचं दुकान आहे त्या दारात अर्धा तास उभे राहिले होते. दुकानदारानं फोन केला. मी गेले तर म्हणाले, ‘भिंतीवरचं पोस्टर वाचत होतो.’ भिंतीवर पोस्टर नव्हतं.

‘मग आता?’ केतकीनं विचारलं.

‘तुला हे अक्षर फिरवता येईल?’

‘फिरवणं म्हणजे एक बटण असतं, वैजूताई.’

चाळीस वर्षं उलटं कोरायचे कष्ट, आणि त्याला एक बटण. ‘दाब मग,’ मी म्हटलं. ‘आणि त्यांना कळू द्यायचं नाही. तुझ्या पुढ्यात तर नाहीच. त्यांच्या हाताची ही एकच गोष्ट आहे जिच्यावर ते थट्टा करत नाहीत.’

‘पण ते विचारतील. ठोकळा बघायला मागतील.’

‘तू पुण्याला नेतेस म्हणून सांगू.’

‘खोटं?’

‘तू बोलू नकोस. मी बोलते.’

तिला ते पटलं नव्हतं. तिच्या धंद्यात मूळ ठसा जसा उठेल तसा ठेवायचा, ही शपथ असते, असं ती म्हणाली. पण आतून घोरणं ऐकू येत होतं. तिनं लॅपटॉप उघडला. मी रॉकेलच्या बोळ्यानं ठोकळा पुसला, परत रुमालात गुंडाळला आणि माझ्या खोलीतल्या फडताळात मोठ्या शब्दकोशाच्या मागं सारला. तात्या सगळीकडं हात घालत, पण माझ्या पुस्तकांना कधी शिवत नसत. ‘उलटं वाचायची सवय,’ म्हणत, ‘शेवट आधी कळतो.’

तात्या उठेपर्यंत केतकी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठा कागद छापून घेऊन आली. वर ठसठशीत ‘खडाखडी’, खाली ओळीनं सगळी मुळाक्षरं. कवर्गाच्या शेवटी ङ, तीट उजव्या बाजूला.

त्यांनी चष्मा लावला. बोट एकेका अक्षरावरून सरकत गेलं. क, ख, ग, घ. ङवर बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला तरी थांबलेलंच.

‘तीट झकास पडलीय,’ ते म्हणाले.

‘मग!’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला.

‘आणि ठोकळा कुठाय?’

‘केतकी घेऊन चाललीय. पुण्याला. मशीनवर नीट बघायला.’

केतकी लॅपटॉपची वायर गुंडाळू लागली. ती वायर तिनं बहुतेक तीनदा गुंडाळली.

‘असं व्हय. न्या न्या. पुण्याला हुशार माणसं असत्यात, सांभाळतील.’ मग त्यांनी कोनाड्यातला दाढीचा आरसा घेतला आणि त्या कागदासमोर धरून पाहिलं. त्यांनी आरसा जरासा वळवून स्वतःच्या तोंडासमोर धरला, गालावरून हात फिरवला. ‘दाढी वाढलीय. पाहुण्या आल्यात आणि कुणी सांगत न्हाई.’

निघताना केतकी त्यांच्या पाया पडली. तेव्हा ते म्हणाले, ‘पोरी, आमच्या वैजूकडं लक्ष ठेव. कॉलेजात पेपर बघते तिथं कुणाला नापास करत न्हाई म्हणत्यात. वाईट सवय हाय.’

‘मी ग्रंथपाल आहे, तात्या. पेपर तपासत नाही.’

‘तेच म्हणतोय. सवय नसताना तपासू नये.’

गाडी सुटल्यावर मला हायसं वाटलं. मैदान निभावलं होतं. तात्यांची पाठ मातीला लागली नव्हती, निदान त्यांना तसं कळलं नव्हतं, असं मला वाटलं.

खडाखडी वर्षभरानं बाहेर पडला आणि बघता बघता सगळीकडं झाला. मिसळीच्या हॉटेलांवर, लग्नाच्या बॅनरवर, बियाण्याच्या पिशव्यांवर. यष्टीतून जाताना मला ते पोटवाले भ आणि मांड्या फाकवलेले म दिसत. घरी येऊन सांगितलं की तात्या विचारत, ‘जाड झालाय का बारीक?’ वाङ्मय मंडळाचं पोस्टरही आम्ही त्याच अक्षरांत केलं. त्यावरची तीट बघून तात्या म्हणाले, ‘आता चहाला अठराच्या अठरा येतील.’

त्या दिवसांत त्यांना पटाशीचं पुन्हा वेड लागलं. मी कॉलेजला निघाले की ते पायरीवर बसत. परत येईपर्यंत कचरा झाडून ठेवलेला असे आणि हातात काही नसे.

‘काय करत होता दिवसभर?’

‘परीक्षेला बसलोय.’

‘कुठल्या?’

‘हाय एक. बाहेरून फॉर्म भरलाय.’

‘आणि निकाल?’

‘लागला की पेढे देतो.’

आणि खरंच, एखाद्या दिवशी ताटात भाकरीशेजारी पेढा असायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते स्वतः जाऊन आणत. पेढा आला की मी म्हणायची, ‘पास झाला वाटतं?’ आणि ते म्हणायचे, ‘काठावर.’ सुरुवातीला महिन्यात दोन-तीनदा पेढे आले. मग महिन्यातून एकदा. मग ते एकटे बाहेर जाईनासे झाले. मी जाऊ देईनाशी झाले. मला अक्का म्हणणं नेहमीचं झालं आणि पुढं थट्टेनं ते सावरून घेणंही थांबलं. मी अक्का म्हणूनच ओ देऊ लागले.

ते गेले त्याच्या तीनेक आठवडे आधी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्या दिवशी मी अक्का नव्हते.

‘वैजू, पेढे आण.’

‘कशाचे, तात्या?’

‘निकाल लागला.’

साखर वाढलेली होती, डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. मी एकच पेढा आणला, अर्धा त्यांच्या तोंडात घातला, अर्धा मी खाल्ला.

‘निकाल सगळा लागलाय,’ ते म्हणाले, ‘आणि पेढा अर्धाच का गं?’

गेल्या मार्गशीर्षात ते गेले.

तेरावा झाल्यावर मी त्यांची हत्यारं आवरायला घेतली. पटाश्या, कानस, रंधा, सगळं तेल लावून फडक्यात बांधलेलं. त्यांच्या खाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला तर सगळ्यात वर तो दाढीचा आरसा, आणि आरशाखाली नीट रचून ठेवलेली अक्षरं.

सगळे ङ होते. वीतभर उंचीचे नव्हेत, चार-चार बोटांचे. मी ते सतरंजीवर मांडत गेले. सव्वीस भरले. कुणावरच शाई नव्हती. एकाचाही ठसा घेतलेला नव्हता.

तळाशी माझा ओळखीचा रुमाल होता. त्यात तो मोठा, पहिला. मी शब्दकोशाच्या मागं दडवलेला. मी उठून खोलीत गेले आणि शब्दकोश बाहेर ओढला. मागं नुसती धूळ.

तात्या कोरलेल्या प्रत्येक अक्षराच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख घालत, छापखान्यातली शिस्त. मी मोठा तुकडा पालथा केला. केतकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. खाली त्यांच्या सुताराच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं :

नापास. ग्रेस मार्क – वैजूबाई.

मग बाकीचे एकेक करून पालथे केले आणि तारखांप्रमाणे ओळ लावली. उलटा कोरलेला, म्हणजे बरोबर. पाठीवर ‘पास’. उलटा. पास. पास. मग एक सुलटा. नापास. तिथं पेन्सिल लाकडात जरा जास्त रुतली होती. पुन्हा पास. ज्या ज्या दिवशी ताटात पेढा आला होता, ते ते दिवस मला त्या तारखांत सापडत गेले. एकावर ‘पास, काठावर’ लिहिलं होतं. पुढं पुढं नापास वाढत गेले. अक्षर लहान होत गेलं, तिटेची गोलाई बिघडत गेली. पण तिथवर खोटे मार्क एकाही ठिकाणी नव्हते. उलट्याला पास, सुलट्याला नापास. आरशात बघून, स्वतःच्या हातानं, कुणाला न सांगता.

शेवटच्या तुकड्यावरची तारीख त्या अर्ध्या पेढ्याची होती.

अक्षर वेडंवाकडं होतं. पोट एका बाजूला ढासळलेलं, तीट कशीबशी धरून राहिलेली. मी ते डोळ्यांसमोर धरलं आणि मला ते सरळ वाचता आलं.

मागं लिहिलं होतं : पास.

डब्यात पेन्सिलीचा तुकडा होता. तो मी हातात घेतला. त्या शब्दाच्या खाली थोडी जागा होती. ‘ग्रेस’ एवढं सहज मावलं असतं.

पण पास झालेल्याला ग्रेस देत नाहीत. मी पेन्सिल डब्यात ठेवली, सगळी अक्षरं तारखांच्या क्रमानं रचली, वर आरसा पालथा ठेवला आणि झाकण लावलं. मग चप्पल घातली आणि कोपऱ्यावर जाऊन पेढे आणले. या खेपेला पावशेर.